पोचट दाणे

टेश्कोकोच्या शेतात माझं काम मोजण्याचं.
तुऱ्यांना कागदी पिशव्या बांधायच्या, वर तारीख लिहायची,
कुणाचा पराग कुणाच्या केसांवर पडला
त्याची वही ठेवायची, गल्लीतल्या भोचक बाईसारखी.
सुगी झाली की टेबलावर कणीस फिरवत
भरलेले किती, पोचट किती.
डॉक्टर अल्तामिरानो बाई म्हणतात, तिनास एक पडायला हवा.
तिनास एक पडतो.
जनुकं हिशेबाला चोख,
आमच्या गावच्या दुकानदार फिलेमोनसारखी नाहीत.

पोचट दाणा दाबला
की साल आत जाते,
पत्र नसलेला लिफाफा दाबावा तशी.

मला वाटायचं, आईपासून दाण्यापर्यंत
एखादी नाळ असणार. बाईंनी काप करून
सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं: नसते.
आईच्या शिरा देठाशीच संपतात.
पुढे फट आहे,
ना आईची, ना लेकराची.
आई तिथे साखर ओतते, आणि तिचं तिथवरच.
एक विकर त्या साखरेचे दोन तुकडे करतं
लहान मुलाला घास मोडून द्यावा तसे,
पण भरवत कुणी नाही.
दाण्याच्या तळच्या पेशींनी भिंती आत वळवून घेतल्यात,
चुण्यांवर चुण्या, थोड्या जागेत खूप पटल मावावं म्हणून,
आणि त्या स्निग्ध पटलात
सात वेळा आरपार ओवलेलं एक प्रथिन.
ते फटीकडे उघडतं, मिटतं,
मग आतल्या बाजूला उघडतं.
दोन्हीकडे एकदम कधीच नाही.

ते जनुक मोडलं असेल
तर दार शिवलंच जात नाही.
साखर हातातोंडाशी येते
आणि हातातोंडाच्या मधेच राहते.

नोव्हेंबरात गावी गेले, वर मिश्तेकांच्या डोंगरात.
आई बियाणं निवडत बसली होती.
कणसाच्या मधले दाणे बियाण्याला,
शेंड्याबुडाचे चुन्यात शिजवायला,
पोचट कोंबड्यांना.
तिला सगळं सांगितलं, फट, दार, सात टाके.
प्रथिन या शब्दाला आमच्या भाषेत काय म्हणावं सुचेना,
द्वारपाल म्हणून वेळ मारून नेली.
ती हात न थांबवता ऐकत होती.

फळीवर बिस्किटांचा डबा. त्यात क्रेसेन्सियोचे आकडे.
माझा भाऊ. फ्रेस्नोला बेदाण्याच्या मळ्यात असतो.
बाबांना पुरलं तेव्हा आला नाही,
येता आलं नसतं, हे आईलाही ठाऊक आहे.
दर महिन्याला पैसे धाडतो,
फिलेमोनचा पोरगा चिठ्ठीवर नंबर लिहून आणून देतो,
ती चिठ्ठी डब्यात टाकते.
खिडकीशी जाऊन नंबर सांगितलेला नाही एकदाही.
मुदत सरली की पैसे परत जातात.
महिन्यानं नवा नंबर येतो.

मी डब्याचं नाव काढलं नव्हतं, शपथेवर सांगते.
तिनंच विचारलं, मूठभर दाणे हातात धरून:
ओतणारीला कळतं का गं,
की पलीकडे कुणी घेत नाही?

बाईंना विचारून सांगते, म्हटलं.
विचारलंही, सोमवारी.
बाई चष्मा पुसत म्हणाल्या, साखर फटीत साचत जाते,
मग वरून येणारा ओघ मंदावतो, बहुधा.
पण कळणं म्हणजे काय म्हणायचंय तुला, ओबदुलिया?

आज दोनशे त्र्याऐंशी दाण्यांचं कणीस.
दोनशे बारा भरलेले, एकाहत्तर पोचट.
वहीत लिहिलं.
दुपारी गावातल्या एकुलत्या फोनवर आईला गाठलं,
कोंबड्या, खोकला, नाबोरा मावशीची म्हैस विकावी तशी विकलेली खेचरं,
सगळं बोलून झालं.
बहुधा हा शब्द नेमका कसा सांगावा
ते माझं ठरत नव्हतं.
ती म्हणाली, थांब जरा,
आणि दूर कुठेतरी
पत्र्याचं झाकण वाजलं.
चिठ्ठीवरचा सातासारखा दिसतो तो आकडा, म्हणाली,
सातच असतो का?
की एक?